दोन कमानींमधला वेग

नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा सुमारे २९ किलोमीटरचा भाग अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर संपूर्ण मार्ग वापरात आला. या महामार्गाची बांधणी ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून झाली असली, तरी सपाट भागात मोटारींना प्रत्यक्षात ताशी १२० किलोमीटरचीच परवानगी आहे. रस्ता दीडशेचा असताना गाडी एकशेवीसने का चालवायची, हा वाहनचालकांचा पहिला प्रश्न याच तफावतीतून निर्माण होतो.

या प्रश्नाचे उत्तर रचना-वेग या संकल्पनेत आहे. वळणांची त्रिज्या, वळणावर रस्त्याला दिलेला बाजूचा उतार आणि चालकाला पुढचे किती अंतर स्पष्ट दिसते, या गोष्टी ठरवताना अभियंते जो वेग आधाराला घेतात त्याला रचना-वेग म्हणतात. तो रस्त्याचा गुण आहे. झिजलेल्या टायरचा, रात्रभर जागलेल्या चालकाचा किंवा कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकचा विचार त्यात नसतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ५० मीटर रस्ता आधीच मागे पडलेला असतो. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १२० वरून १५० वर जाताना वेग पावपटीने वाढतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. मैलोन् मैल सरळ जाणाऱ्या रस्त्यावर मेंदूला येणारी गुंगी, जिला रोड हिप्नोसिस म्हणतात, तिच्याकडे नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी समृद्धीच्या संदर्भात लक्ष वेधले आहे. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी दगावले, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोपरगावच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात भाविकांचे वाहन ट्रकवर मागून आदळून १२ जणांचा मृत्यू झाला. अशा घटना लक्षात घेता १२० ची मर्यादा जाचक आहे असे मानण्यास आधार उरत नाही.

मर्यादा योग्य आहे हे मान्य केले, तरी ती पाळून कशी घ्यायची हा प्रश्न राहतो. स्पीडगन किंवा एका जागी बसवलेला कॅमेरा फक्त त्या बिंदूवरचा वेग मोजतो. नेहमीच्या चालकांना ती जागा ठाऊक असते, त्यामुळे कॅमेरा जवळ आला की ते करकचून ब्रेक मारतात आणि तो मागे पडला की पुन्हा गाडी दामटतात. मागून येणाऱ्याला मात्र समोरची गाडी अचानक हळू का झाली हे कळत नाही. सरासरी वेग मोजणारी यंत्रणा वेगळ्या पद्धतीने काम करते. रस्त्यावर ठरावीक अंतराने कमानी उभारलेल्या असतात, त्यांवरील कॅमेरे प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचून वेळ नोंदवतात, आणि दोन कमानींमधील अंतराला लागलेल्या वेळेने भागून वेग काढला जातो. कमानींमध्ये १० किलोमीटर अंतर असेल आणि मर्यादा १०० असेल, तर कायद्याने चालणाऱ्या गाडीला किमान ६ मिनिटे लागतील. ती ५ मिनिटांत पोहोचली तर तिचा सरासरी वेग १२० होता हे सिद्ध होते. एखादा ट्रक ओलांडताना क्षणभर वाढलेला वेग या हिशोबात विरघळून जातो आणि दंड सतत वेगात राहणाऱ्यालाच बसतो, म्हणून न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत एका जागच्या कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरते. महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून ती वापरात आली.

ब्रिटनमध्ये वाहनचालकांच्या पाहणीत दहापैकी जवळपास आठ जणांनी एका जागच्या कॅमेऱ्यापेक्षा सरासरी वेगाच्या कॅमेऱ्याला पसंती दिली होती. आपल्याकडे मात्र नाराजी तीव्र आहे, आणि तिचा रोख कॅमेऱ्यापेक्षा मर्यादेच्या आकड्यावर व दंडाच्या वसुलीवर अधिक आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध वाहतूक बंदचे हत्यार उपसले. द्रुतगती मार्गाच्या बोरघाटात तेव्हा जड वाहनांना ताशी ४० किलोमीटर आणि हलक्या वाहनांना ६० किलोमीटर मर्यादा होती. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या, माल भरलेल्या ट्रकचा चालक खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरतो, कारण सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापतात आणि ऐन उतारावर ब्रेक लागेनासे होतात. उतारावर चाळिशीत गाडी राखणे अवघड जाते, शिवाय मागून मोटारी अंगावर येतात, असे वाहतूकदारांचे म्हणणे असून ही मर्यादा वाढवावी अशी त्यांची मागणी होती. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारे चालकही याच घाटात असतात आणि त्यांच्यामुळे झालेले अपघात पोलिसांच्या परिचयाचे आहेत, हे खरे. तरीही ट्रकचालकांचे म्हणणे केवळ पळवाट म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

स्कॉटलंडमध्ये असाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला गेला. डनब्लेन ते इन्व्हर्नेस या सुमारे २२० किलोमीटरच्या ए-९ मार्गावर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरासरी वेगाचे कॅमेरे सुरू झाले, तेव्हा स्थानिक विरोध मोठा होता. सरकारने कॅमेरे बसवतानाच पर्थ ते इन्व्हर्नेस या भागातील एकेरी पट्ट्यांवर जड वाहनांची मर्यादा ताशी ४० मैलांवरून ५० मैल केली, त्यामुळे ट्रकमागे तुंबणाऱ्या मोटारींची घाई कमी झाली. बोरघाटाचा तीव्र उतार त्या रस्त्यावर नाही, म्हणून तोच आकडा इकडे लावता येणार नाही. पण कॅमेरे बसवण्याबरोबरच मर्यादेचा पुनर्विचार करण्याची तयारी अनुकरणीय आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सर्वच रस्त्यांना सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यांचा उपाय लागू पडत नाही. राहुरी, कोल्हार, राहाता, शिर्डी असा जाणारा नगर-मनमाड रस्ता गाळप हंगामात उसाच्या वाहनांनी भरून जातो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात जेमतेम वीसच्या वेगाने चाललेला असतो, ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने मागचे दिवे झाकलेले असतात आणि रेडियमची पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली असते. तेथे साठच्या वेगाने येणारा मोटारसायकलस्वार मर्यादा पाळूनही जिवाला मुकतो. अशा रस्त्यावर कमानींवर खर्च करण्याआधी ट्रॉल्यांना दिवे व परावर्तक लावून घेणे आणि खड्डे बुजवणे हीच तातडीची गरज आहे, आणि त्यासाठी साखर कारखान्यांनी आपल्या वाहतूकदारांवर सक्ती केली पाहिजे.

समृद्धीची स्थिती वेगळी आहे. तेथे दुचाकींना बंदी आहे, आत-बाहेर करण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि टोल नाक्यावर प्रत्येक गाडीची प्रवेशाची व बाहेर पडण्याची वेळ नोंदली जाते. या नोंदींच्या आधारे परिवहन विभागाने २०२३ मध्ये वाजवीपेक्षा लवकर पोहोचलेल्या चालकांचे समुपदेशनही केले. परंतु एवढ्या लांब पल्ल्यासाठी नाक्यावरची वेळ पुरेशी नाही. नागपूर ते शिर्डी हे अंतर १२० च्या वेगाने ४ तास २० मिनिटांत पार होते; सलग १५० ने आलेला चालक ३ तास २८ मिनिटांत पोहोचू शकतो, आणि वाटेत ५२ मिनिटे जेवणासाठी थांबला तर कागदावर तो निर्दोष ठरतो. म्हणून जवळजवळच्या कमानी हव्यात.

त्या उभारताना कायद्याची बाजूही पाळली जायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या १६७ अ या नियमानुसार यंत्र प्रमाणित असणे, कॅमेऱ्यापूर्वी सूचनाफलक लावणे आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवणे बंधनकारक आहे. अतिवेगासाठी हलक्या वाहनांना १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ट्रकचालकाला चार महिन्यांनी एकदम पाच चलने कळली, तर त्यातून त्याच्या गाडी चालवण्यात सुधारणा होण्याचा संभव नाही. शासनाने १५ दिवसांची मुदत काटेकोर पाळावी, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकसाठी पुरेसे थांबे बांधावेत आणि १२० ची मर्यादा कायम ठेवावी. कोपरगाव तालुक्यातील २९ किलोमीटर १२० ऐवजी १५० च्या वेगाने कापले, तर वाचणारा वेळ तीन मिनिटेही भरत नाही.