पंपावरच्या एका किलोचा हिशेब

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली मार्च 2025 मध्ये मंजूर झालेल्या पाच प्रायोगिक प्रकल्पांत 37 बस व ट्रक आणि नऊ इंधन केंद्रे असून ठरलेल्या मार्गांमध्ये पुणे-मुंबईचाही समावेश आहे. अशा वाहनातून धुराऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मात्र एका किलोसाठी पंपावर किती पैसे मोजावे लागतील, हा प्रश्न चर्चेत मागेच राहतो. सामान्य मोटारमालकांनी ते पैसे वर्षानुवर्षे प्रत्यक्ष मोजले, असा प्रदेश म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया, आणि तेथील अनुभव समजून घेतल्याशिवाय येथील प्रयोगाचा खर्च नीट उमगणार नाही.

टोयोटा मिराई या मोटारीच्या टाक्यांत 5.6 किलो हायड्रोजन मावतो आणि अमेरिकेतील अधिकृत चाचणीनुसार तेवढ्यावर ती 402 मैल, म्हणजे सुमारे 647 किलोमीटर, धावते. काही वर्षांपूर्वी किलोला 13 ते 16 डॉलर असलेला भाव 2023 मध्ये तेथील सर्वांत मोठ्या पंपसमूहावर 36 डॉलरवर पोहोचला, तेव्हा पूर्ण टाकीचा खर्च दोनशे डॉलरच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने साडेसोळा हजार रुपयांच्या आसपास गेला. तेवढेच अंतर कापायला गॅलनला 50 मैल धावणाऱ्या संकरित पेट्रोल मोटारीला पाच डॉलर गॅलन या दरानेही चाळीस डॉलर पुरत होते. नव्या मोटारीसोबत कंपनी 15,000 डॉलरचे इंधनकार्ड देत असे. जुन्या 13 डॉलरच्या भावाने त्यातून दोनशेहून अधिक वेळा टाकी भरता आली असती, नव्या भावाने मात्र ती जेमतेम 74 वेळाच भरते. ज्यांनी त्या कार्डाच्या भरवशावर मोटार घेतली, त्यांच्यावर हा अन्यायच झाला.

भाव इतका का चढला, याचे उत्तर वायूच्या निर्मितीपेक्षा त्याच्या पुढच्या प्रवासात अधिक सापडते. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू असल्याने साध्या दाबाला त्याचा एक किलो अकरा-बारा घनमीटर जागा व्यापतो, म्हणून मोटारीच्या टाकीत तो 700 बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातशे पट दाबाने, कोंबावा लागतो. वेगाने भरताना टाकीतला वायू तापतो आणि टाकीला 85 अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्णता चालत नाही, म्हणून पंपातून निघण्यापूर्वीच तो उणे 40 अंशांच्या आसपास थंड केला जातो. एवढा दाब देणारे कॉम्प्रेसर, शीतकरण यंत्रणा आणि दाब सोसणाऱ्या टाक्या या सर्वांची उभारणी साध्या पेट्रोलपंपापेक्षा कितीतरी महाग पडते. शिवाय एकामागून एक मोटारी आल्या तर दाब पुन्हा चढेपर्यंत थांबावे लागते आणि दमट हवेत पंपाची तोटी मोटारीला गोठून चिकटते. वाहतुकीचे गणितही असेच अवघड आहे, कारण पोलादी नळकांड्यांच्या ट्रेलरमधून एका खेपेत जाणारे काही शे किलो पाच-सहा डझन मोटारींना पुरतात, आणि द्रवरूपात अधिक न्यायचे तर वायू उणे 253 अंशांपर्यंत थंड करण्यातच किलोमागे दहा-बारा युनिट वीज खर्च होते. हा सारा स्थिर खर्च मोजक्या ग्राहकांवर वाटला जातो, आणि ग्राहक कमी असले की प्रत्येक किलोवरचा भार वाढतो.

त्यात एक आधारही निसटला. कॅलिफोर्नियातील पंपचालकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग कमी-कार्बन इंधनाच्या ‘क्रेडिट’विक्रीतून येत असे, एक टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणाऱ्या या पत्राचा भाव 2020 मध्ये 200 डॉलरच्या आसपास होता, तो 2023 पर्यंत 75 डॉलरच्याही खाली आला. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये शेल कंपनीने तेथील हलक्या वाहनांसाठीची आपली हायड्रोजन केंद्रे बंदच केली.

ब्रिटिश ऊर्जा विश्लेषक मायकेल लीब्राइक यांनी हायड्रोजनच्या उपयोगांची एक शिडी मांडली आहे, आणि ती या विषयावरच्या इतर अनेक अहवालांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. दुसरा पर्यायच नाही असे खतनिर्मितीसारखे उपयोग तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर येतात, तर थेट विजेने अधिक स्वस्तात होणारी कामे खाली उतरत जातात आणि खाजगी मोटारी तळाशी दिसतात. कारण सरळ आहे: विजेतून हायड्रोजन, हायड्रोजनवर दाब आणि त्यातून पुन्हा वीज या साखळीत मूळ विजेचा साधारण एक तृतीयांश भागच चाकापर्यंत पोहोचतो, तर बॅटरीच्या मोटारीत तो दोन तृतीयांशाहून अधिक असतो. ही गळती अनुदानाने झाकता येते, पण थांबवता येत नाही.

याच मिराईतून 30 मार्च 2022 रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी संसदेत आले होते आणि किलोमीटरला सुमारे दोन रुपये खर्चाचा आकडा तेव्हा पुढे आला. टाकीचे माप आणि पल्ला लक्षात घेता त्याचा अर्थ किलोला साधारण 230 रुपये असा होतो. परंतु पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवण्यास 50 ते 55 युनिट वीज लागते आणि युनिटला पाच रुपये धरले तरी केवळ विजेचेच किमान 250 रुपये होतात, दाब, शीतकरण आणि पंप यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने पुण्यात इंधनघटावर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या संचावर, चालणारी बस 2022 मध्ये साकारली, त्यामागचे कौशल्य खरोखर अभिमानाचे आहे, आणि रोज एकाच आगारात परतणाऱ्या बस व ट्रकना खाजगी मोटारींपेक्षा पंप अधिक परवडतो, हेही मान्य करायला हवे. तरीही नऊ केंद्रांना 37 वाहने म्हणजे एका केंद्राला सरासरी चारच वाहने येतात. म्हणून या प्रयोगात किती किलोमीटर धाव झाली याच्या बरोबरीने प्रत्येक केंद्रावर रोज किती किलो भरले गेले आणि अनुदान वगळता त्या प्रत्येक किलोला किती रुपये पडले, हे दोन्ही आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत.