उचलले, पण ठेवायचे कसे?
बारामती-इंदापूरकडे ज्वारीची भाकरी रोजचीच. हात उपडा केला की दाणे गळून पडतात, पीठ मात्र तळव्यालाच राहते. असे का? कणाचा व्यास १० पट घटला की वजन १००० पट घटते. चिकटण्याचे बल मात्र साधारण १० पटच. सूक्ष्म भाग जोडणाऱ्या यंत्राची अडचण हीच: चिमटा उघडला तरी भाग सुटत नाही! अमेरिकेत बर्कली येथील ये आणि स्मिथ यांनी १९९४ मध्ये चिमटाच वगळून दाखवला. निमुळत्या आकाराचे प्रकाश-डायोड द्रवात सोडले. ते सिलिकॉनवरील तशाच आकाराच्या खळग्यांत आपोआप बसले. आम्ही सुचवतो, वर्गात दाणे आणि पीठ दोन्ही न्यावे. हात मात्र कोरडे हवेत. पाण्याची ओढ आणखी जोरकस असते.