बागलाणची भूरचना आणि भूशास्त्र शिक्षण

बागलाण हा नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुका असून आरम नदीकाठचे सटाणा हे त्याचे मुख्यालय आहे. हा संपूर्ण प्रदेश दख्खनच्या लाव्हा खडकांनी, म्हणजे बेसाल्टने, व्यापलेला आहे. डोंगरकडे, किल्ल्यांच्या वाटा, नद्यांची पात्रे आणि शेतातील विहिरी यांत या खडकांचे थर उघडे पडलेले असल्याने विद्यार्थ्यांना व सामान्य नागरिकांना भूशास्त्र शिकवण्यासाठी तालुक्यात नैसर्गिक साधने मुबलक आहेत. येथील शेती मोठ्या प्रमाणावर भूजलावर अवलंबून असल्यामुळे या शिक्षणाला व्यावहारिक महत्त्वही आहे.

भूरचना

तालुक्याच्या पश्चिम व उत्तर भागात सेलबारी-डोलबारी डोंगररांग पसरलेली आहे. साल्हेर (१,५६७ मीटर) हे या रांगेतील सर्वोच्च शिखर होय. कळसूबाईनंतर (१,६४६ मीटर) उंचीत त्याचा राज्यात दुसरा क्रमांक लागतो, तर महाराष्ट्रातील किल्ल्यांमध्ये साल्हेर सर्वांत उंच आहे. मुल्हेर, साल्होटा आणि मांगी-तुंगी ही या परिसरातील इतर प्रसिद्ध ठिकाणे आहेत. मोसम आणि आरम या येथील प्रमुख नद्या गिरणेला मिळतात आणि गिरणा पुढे तापीला मिळते.

दख्खनच्या लाव्हा खडकांचे आजचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. लाव्हारस बहुतांशी जमिनीतील लांब भेगांमधून बाहेर पडला आणि जवळजवळ आडव्या थरांनी साचत गेला. या थरांची झीज होऊन पायऱ्यांसारखे उतार तयार झाले. अशा खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, ते जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात सह्याद्री गटातील तळाच्या लाव्हाथरांना 'साल्हेर शैलसमूह' असे नाव आहे.

तालुक्याच्या उत्तरेस धुळे-नंदुरबार भागात डाइकांचा मोठा समूह आढळतो. भेगेत शिरलेला शिलारस तेथेच थिजून तयार झालेल्या उभ्या दगडी भिंतीस डाइक म्हणतात. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर अशा भिंती लांबच लांब कण्यांसारख्या उभ्या राहतात.

थरांची ओळख

बेसाल्टचा एक लाव्हाथर वरपासून खालपर्यंत एकसारखा नसतो. थंड होताना लाव्हारसातील वायू वर चढतो आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. पुढे या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटीच्या जातीची खनिजे साठतात. विहीर खोदणारे कारागीर अशा सच्छिद्र, तुलनेने मऊ खडकास 'मांजऱ्या' म्हणतात. थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट व कठीण असतो आणि आकुंचनामुळे त्यात उभ्या भेगा पडतात. हाच 'काळा पाषाण' होय. झिजून भुगा झालेल्या खडकास 'मुरूम' म्हणतात. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असल्यास आधीच्या थराचा पृष्ठभाग कुजून तेथे लाल मातकट पट्टा तयार होतो. त्याला भूशास्त्रात 'बोल' म्हणतात.

या फरकामुळेच डोंगराला पायऱ्यांचा आकार येतो. काळ्या पाषाणाचे उभे कडे टिकून राहतात, तर मांजऱ्या व बोल लवकर झिजून मंद उतार तयार होतात. साल्हेरसारख्या किल्ल्याच्या चढणीत कडा आणि उतार आळीपाळीने लागतात, त्याचे कारण हेच आहे. चढणारा एकामागून एक अधिक अलीकडचे थर ओलांडत असतो. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा भूशास्त्रातील मूलभूत नियम या वाटेवर थेट दाखवता येतो.

विहिरीतील भूशास्त्र

मांजऱ्या, मुरूम, काळा पाषाण व बोल हे सर्व प्रकार न बांधलेल्या विहिरीच्या भिंतीत क्रमाने दिसू शकतात. त्यामुळे विहीर हा भूशास्त्राचा उत्तम धडा ठरतो. बेसाल्टमध्ये पाणी नदीप्रमाणे वाहत नाही. ते मुरमात, मांजऱ्यातील जोडलेल्या पोकळ्यांत, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत साठते. घट्ट पाषाणात भेगा नसतील, तर त्यात पाणी जवळजवळ नसते. बोलचा थर बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे त्याच्या वर झरा फुटू शकतो. डाइकला भेगा असल्यास तिच्यातून पाणी वाहते आणि भेगा नसल्यास ती जमिनीखालच्या बांधासारखी पाणी अडवते.

भूजलाच्या अंदाजासाठी झिजलेल्या व भेगाळलेल्या बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता सुमारे १ ते ३ टक्के धरली जाते. वाळूमिश्रित नदीगाळासाठी ती सुमारे १६ टक्के असते. यावरून शाळेच्या वर्गातही सोपा हिशेब करता येतो. १ हेक्टर क्षेत्राखाली १० मीटर जाडीचा पाण्याने भरलेला बेसाल्ट असेल आणि क्षमता २ टक्के धरली, तर उपलब्ध पाणी सुमारे २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर होते. त्याच जाडीच्या वाळूमिश्रित गाळातून सुमारे १ कोटी ६० लाख लिटर पाणी मिळेल. डाळिंब, द्राक्षे व कांदा पिकवणाऱ्या या तालुक्यात किती क्षेत्राला पाणी पुरेल, हा प्रश्न अशा प्रकारे खडकाच्या गुणधर्माशी जोडलेला आहे.

जुन्या फड सिंचन पद्धतीतही स्थानिक भूरचनेची जाण दिसते. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी फडांपर्यंत नेले जाई आणि पाण्याची वाटणी गावकरी एकत्रितपणे करीत. नदीपात्रात उघडा पडलेला कठीण खडक अशा बंधाऱ्यांना पाया पुरवतो.

प्रचलित गैरसमज

साल्हेर किंवा मांगी-तुंगीचे टोकदार आकार पाहून ते जुने ज्वालामुखी असावेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते एका विस्तीर्ण लाव्हापठाराचे झीज होऊन उरलेले अवशेष आहेत. शिखराच्या कड्यातील आडवे थर समोरच्या डोंगरातील थरांशी जुळवून पाहिल्यास हे लक्षात येते.

'जितके खोल जावे तितके पाणी अधिक' हा दुसरा समज आहे. बेसाल्टमध्ये खोलीबरोबर भेगा साधारणतः कमी व अरुंद होत जातात. खोल कूपनलिकेस लागणारे पाणी पुष्कळदा मर्यादित साठ्यातले असते आणि तो साठा भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. जागा ठरवण्यासाठी पाणाड्याला बोलावून नारळ किंवा डहाळीच्या साहाय्याने पाणी शोधण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते, परंतु तिला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. चुकीच्या जागेवरील खोदकामाचा खर्च शेतकऱ्यावर कर्जाचे ओझे टाकू शकतो. म्हणून आसपासच्या विहिरींच्या नोंदी, थरांचा क्रम आणि भूभौतिक तपासणी यांची माहिती करून देणे हा लोकशिक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

भूशास्त्रीय काळाची कल्पना

भूशास्त्र शिकवताना काळाचे प्रमाण ही सर्वांत कठीण बाब असते. १,००० वर्षांसाठी १ मिलिमीटर असे प्रमाण घेतल्यास ६.६ कोटी वर्षांची पट्टी ६६ मीटर लांब होते. शाळेच्या पटांगणात दोरीने ती आखता येते. या पट्टीवर १६७२ मधील साल्हेरची लढाई एका टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. दुसऱ्या टोकाशी दख्खनचे उद्रेक व डायनोसॉरांचा अंत या जवळपास एकाच काळातील घटना असतात. या उद्रेकांचा त्या विनाशात किती वाटा होता आणि अशनिपाताचा किती, हा आजही संशोधनाचा विषय आहे.

अभ्यासक्रम, परिभाषा आणि संस्था

महाराष्ट्रातील शाळांत भूशास्त्राचा परिचय मुख्यतः भूगोल व विज्ञान या विषयांतून होतो. उच्च माध्यमिक स्तरावर भूशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर शालेय विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भूविज्ञान ऑलिंपियाड भरते. २०१३ मध्ये ते भारतात म्हैसूर येथे झाले.

मराठीतून हा विषय मांडण्यासाठी भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचा व मराठी विश्वकोशाचा आधार मिळतो. १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झालेल्या विश्वकोशात खडक, खनिजे व भूशास्त्रीय कालखंड यांवर नोंदी आहेत. 'मांजऱ्या', 'मुरूम', 'पाषाण' यांसारखे बोलीतील शब्द नेमके असून पारिभाषिक संज्ञांबरोबर ते वापरल्यास विषय लवकर समजतो.

जिल्ह्यातील सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या झिओलाइट व इतर खनिजांचे नमुने पाहता येतात. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळीची नियमित नोंद ठेवते. पुण्यातील ॲक्वाडॅम ही संस्था १९९८ पासून कार्यरत असून ती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना भूजलशास्त्राचे प्रशिक्षण देते. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावकऱ्यांनी स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडणे अपेक्षित आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा व पावसाच्या नोंदीनुसार पिके ठरवण्याचा नियम पाळून अशा ताळेबंदाचा उपयोग दाखवून दिला आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरीस 'खोल विहीर' म्हटले असून अशा विहिरींवर निर्बंध घातले आहेत. या निर्बंधामागील कारण खडकाची रचना समजल्याशिवाय स्पष्ट होत नाही.

क्षेत्र-अभ्यास आणि जतन

बागलाणमधील क्षेत्र-अभ्यासात थरांची जाडी मोजून उभा छेद काढणे, भिंगातून पोकळ्यांतील खनिजे पाहणे, कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकून येणारे बुडबुडे पाहणे आणि एकाच विहिरीची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजणे, असे उपक्रम कमी खर्चात करता येतात. कडे, वापरात नसलेल्या विहिरी व पावसाळ्यातील निसरड्या वाटा यांपासून विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावर ठेवणे आवश्यक असते.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि त्यांत साल्हेर आहे. किल्ल्यावर खडक फोडणे किंवा नमुने गोळा करणे अयोग्य ठरते. तेथे निरीक्षण, रेखाटन व छायाचित्रण पुरेसे असते. हाताळण्यासाठीचे नमुने विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या दगडांच्या ढिगातून जागामालकाच्या परवानगीने मिळवता येतात. साल्हेरचे कडे, खोदीव टाकी आणि चढणीची वाट यांचे स्वरूप लाव्हाथरांनीच ठरवलेले असल्याने या किल्ल्याचा इतिहास व त्याचे भूशास्त्र एकत्र शिकवता येते.