घरची भाषा आणि बालमनाची घडण

आदिलाबाद जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी आणि तेलुगू या भाषा शेजारीशेजारी नांदतात. त्यामुळे तीन-चार वर्षांचे मूल अंगणवाडीत पाऊल टाकते, तेव्हा अनेकदा त्याच्या कानांवर पडणारी भाषाही बदलते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते खेळताना मूल स्वतःशी जे मोठ्याने बोलते, ते ‘स्वगत भाषण’ निरर्थक बडबड नसून कृतीचे नियोजन असते आणि तेच पुढे आतल्या आत चालणारा विचार बनते.

भीती वा राग शब्दांत सांगता आला आणि मोठ्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, की मूल हळूहळू स्वतःला सावरू लागते. या क्षमतेला भावनिक लवचीकता म्हणतात. अनोळखी भाषेत मात्र हे सांगणेच अडते.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, हे म्हणूनच फार मोलाचे काम होते. तो प्रयत्न प्राथमिक शाळेसाठी होता. अंगणवाडीच्या वयाला त्याची गरज अधिकच आहे.