पासपोर्ट हाती आल्यावर – लेखांक ७ : बोत्सवानाला निघताना

बोत्सवानाला निघालेल्या मुलाच्या घरी पहिली चर्चा व्हिसाची नसते, पिठाची असते. आई म्हणते, दहा किलो ज्वारी दळून देते, तिकडे भाकरी कुठली मिळायची? म्हणून आज सुरुवात पिठापासूनच करतो. पीठ नेऊ नका. ज्वारी हे त्या देशाचं जुनं, रोजचं अन्न आहे. सेत्स्वाना भाषेत तिला मबेले म्हणतात आणि तिचं पीठ किराणा दुकानात पिशवीबंद मिळतं. तिथले लोक भाकरी थापत नाहीत, पीठ घट्ट शिजवून खातात. त्याला बोगोबे म्हणतात. ते पीठ आपल्या चक्कीवरच्या पिठापेक्षा जाडसर असतं. चाळून घ्या, उकड काढून मळा, म्हणजे भाकरी फाटणार नाही. मूग, चवळी, शेंगदाणे हेही तिथल्या शेतातच पिकतात, आणि चवळीच्या पानांची भाजी गरीब-श्रीमंत सगळे खातात. कळण्याची भाकरी हवी असेल तर बॅगेत फक्त उडीद टाका.

तूप, पेढे, खवा मात्र घरीच ठेवा. बोत्सवाना गोमांस परदेशात विकणारा देश आहे. गुरांना लाळ-खुरकत झाली तर त्या विक्रीलाच खीळ बसते, म्हणून दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांवर सीमेवर बारीक नजर असते. देशाच्या आतसुद्धा गुरांसाठी लांबच लांब कुंपणं घातली आहेत. तिथे गाडी थांबवतात, चाकं आणि पायातले जोडे औषधी पाण्यातून काढायला लावतात. ज्याच्या घरी धुळे-नंदुरबारकडे बैलजोडी आहे, त्याला याचं कारण समजावून सांगायला नको.

आता हिऱ्याकडे येतो, कारण सुरतेच्या उधन्या-लिंबायतचा माणूस त्या देशात जातो तो बहुधा हिऱ्याच्या धाग्याने. आपल्याकडे मागाचा खटखटाट जास्त आणि हिरे घासायच्या घंट्या वराछा-कतारगामला जास्त, हे खरं. तरी घंटीवर बसणारे, मशीन दुरुस्त करणारे, हिशेब लिहिणारे आपल्यातही आहेत. बोत्सवाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. मूल्याच्या हिशेबाने ती जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींमध्ये गणली जाते. आपला माल आपल्याच देशात घासला जावा, असा आग्रह तिथल्या सरकारने धरला. २०१३ मध्ये डी बीअर्स या हिरे कंपनीने रफ, म्हणजे न घासलेले हिरे, विकण्याचं काम लंडनहून राजधानी गाबोरोनीला नेलं. सुरतेच्या काही शेठ लोकांनीही तिथे कारखाने घातले आणि तिथल्या मुलामुलींना शिकवायला इथले जाणते कारागीर गेले.

या कारागिरांना मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. महिधरपुऱ्याच्या गल्लीत किंवा वराछाच्या मिनी बाजारात पुडी खिशातून निघते, रस्त्यावर उभ्याउभ्या उघडली जाते, माल हातोहात फिरतो. हा व्यवहार विश्वासावर चालतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. ती सवय विमानात बसण्याआधी सोडा. बोत्सवानात परवान्याशिवाय रफचा एक खडा जवळ असणं हाच गुन्हा आहे. विकत घेतला, भेट मिळाला की रस्त्यात सापडला, याने फरक पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतही तसंच. कुणी पार्किंगमध्ये, टॅक्सीत, चहाच्या टपरीवर कागदात गुंडाळलेला खडा दाखवला तर हात लावू नका, भाव विचारू नका, भिंग डोळ्याला लावू नका. समोरचा माणूस साध्या वेशातला पोलीस असू शकतो, आणि खडा नुसती काच निघाली तरी तुमचे पैसे गेलेलेच. २००३ पासून रफच्या व्यापाराला किंबर्ली प्रक्रियेचे नियम लागू आहेत. रफ एका देशातून दुसऱ्या देशात जातं ते सीलबंद डब्यात आणि सरकारी प्रमाणपत्रासह, खिशातून नाही. अंगावर हिऱ्याचा दागिना असेल तर त्याची पावती जवळ ठेवा आणि निघतानाच कस्टम्सकडे नोंद करून घ्या, म्हणजे परत येताना वाद होणार नाही.

कामाच्या परवान्याबद्दल मागच्या वेळी लिहिलंच होतं, तरी पुन्हा सांगतो. पाहुण्याच्या व्हिसावर जाऊन कारखान्यात बसायचं नाही. “आधी या, कागद तिकडे करू” असं म्हणणाऱ्या एजंटाला नकार द्या. कामाचा आणि राहण्याचा परवाना कुणाच्या नावाने, किती काळाचा, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच तिकीट काढा.

तिकिटाचंही थोडं बघावं लागतं. मुंबईहून बहुतेक जण आदिस अबाबा, नैरोबी, जोहान्सबर्ग किंवा आखातातून जातात. जोहान्सबर्गमार्गे जाणार असाल तर मुंबई ते गाबोरोनी एकाच बुकिंगवर घ्या आणि बॅगेला गाबोरोनीचाच टॅग लावून घ्या. दोन तुटक तिकिटं काढली की बॅग घ्यायला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश आहेत. त्या वाटेने जाणार असाल तर लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, कारण दाखला दहाव्या दिवसानंतर लागू होतो. पुढे तो आयुष्यभर चालतो. दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टला चिकटूनच ठेवा. परत येताना आपल्या विमानतळावरही ते मागू शकतात.

मलेरियाचं भय गाबोरोनीत फारसं नाही, उत्तरेला ओकावांगो-चोबेकडे आहे, तेही पावसाळ्यात जास्त. तिकडे जायचं ठरलं तर गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा.

तिथला पाऊस नोव्हेंबर ते मार्च, आणि जून-जुलै म्हणजे थंडी. गाबोरोनीत रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून सुती शर्टावर गेलेला माणूस पहिल्याच रात्री कुडकुडतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. घरून रात्री फोन करताना बायकोने ते लक्षात ठेवावं, नवऱ्याची कामाची वेळ संपलेली नसते.

देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आणि माणसं २५ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या सुरतेपेक्षाही कमी. रस्ते सरळ, मोकळे आणि चांगले. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने. या मोकळेपणाने फसू नका. अंधार पडला की गाई, गाढवं डांबरावर येऊन उभी राहतात, उत्तरेला हत्तीही. गाबोरोनी ते उत्तरेकडचं मौन गाव हे अंतर ८०० किलोमीटरांहून जास्त आहे. एका दमात, रात्रीचं, मित्राच्या गाडीने जायचा बेत कुणी आखला तर मोडून काढा. दिवसा जा, वाटेत मुक्काम करा. शहरात फिरायला कोम्बी नावाच्या छोट्या बस आहेत, त्यांची नंबरपाटी निळी असते.

नवापूर स्टेशनावर अर्धं बाकडं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, आपण त्यावर ऐसपैस बसतो. तिथल्या सीमा तशा नाहीत. काही नाकी संध्याकाळीच बंद होतात. दक्षिण आफ्रिका गाबोरोनीच्या अगदी उशाला आहे म्हणून सहज बाजारहाटाला जाऊ नका. व्हिसा आणि नाक्याची वेळ दोन्ही आधी पाहा.

पैशाला तिथे पुला म्हणतात. पुला म्हणजे पाऊस. कलहारीच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी आपल्या चलनाला हे नाव दिलं, आणि सभेत टाळ्यांच्या जागी “पुला!” अशीच आरोळी उठते. आभाळाकडे डोळे लावून बसलेलं साक्री-शिंदखेड्याचं शेत ज्याने पाहिलंय, त्याला हा शब्द पाठ करावा लागणार नाही.

आणखी दोन शब्द मात्र पाठ करा. पुरुषाला “दुमेला रा”, बाईला “दुमेला म्मा”. दुकानात, दवाखान्यात, कचेरीत, कारखान्यात हाताखालच्या मुलीशी बोलतानासुद्धा आधी हे, मग काम. नमस्कार न करता थेट भाव विचारणं तिथे उर्मटपणा समजतात, आणि आपली बोलायची घाई तिथे अशीच दिसते. काही देताना-घेताना उजवा हात पुढे करा आणि डावा हात उजव्या कोपराला लावा. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडून प्रसाद घेताना आपण वाकतो, तसाच तो मान आहे. विमानतळावर पासपोर्ट पुढे कराल तोही असाच, आणि आधी “दुमेला म्मा”.

पुढच्या आठवड्यात : पगार घरी पाठवताना.