जमा आणि नावे

हूव्हर धरण खरंखुरं आहे. नेवाडा आणि ॲरिझोना यांच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीवर, १९३०च्या दशकात बांधलेलं. 'फॉलआउट : न्यू वेगस' या २०१०च्या व्हिडिओ गेममध्ये ते अणुयुद्धातूनही वाचलंय. साल २२८१. जगाची राख होऊन दोनशे वर्षं झालीत आणि धरण ज्याच्या हाती, वीज-पाणी त्याचं, मोहावीचं वाळवंटही त्याचंच.

दावेदार तीन. एनसीआर हे कॅलिफोर्नियातून आलेलं प्रजासत्ताक. निवडणुका आहेत, कायदा आहे. जबर करही आहेत, बड्या गोठेमालकांची सद्दी आहे आणि बिटर स्प्रिंग्जला पळणाऱ्या बायकामुलांवर झाडलेल्या गोळ्याही आहेत. मिस्टर हाउस हा यंत्राच्या पेटीत स्वतःला जगवत ठेवलेला उद्योगपती. वेगसवर येणाऱ्या ७७ अण्वस्त्रांपैकी ६८ त्याने निकामी केली, म्हणून शहर उभं आहे. आता त्या शहरात दुसऱ्या कुणाचं मत तो विचारात घेत नाही. तिसरा सीझर. रोमन इतिहासाची पुस्तकं वाचून त्याने ८६ टोळ्या जिंकल्या, माणसांना गुलाम केलं, विरोधकांना क्रूसावर टांगलं. त्याची बाजू घेणं मला तरी जमणार नाही. पण त्याच्याच छावणीत भेटणारा एक व्यापारी शांतपणे सांगतो, की सीझरच्या मुलखात वाटेवर लुटारू भेटत नाहीत. हे ऐकून चडफडायला होतं, कारण एनसीआरच्या रस्त्यांवर ते पावलोपावली भेटतात.

पण नुसत्या करड्या रंगाच्या पात्रांनी एवढी घालमेल होत नाही. खरी गंमत गेमच्या हिशेबात आहे. बहुतेक गेममध्ये चांगलं-वाईट एकाच पट्टीवर मोजतात: दान केलं की काटा वर, चोरी केली की खाली. इथेही 'कर्मा' नावाची तशी पट्टी आहे, पण तिला फारसं कुणी विचारत नाही. चालते ती प्रत्येक गटाची, अगदी छोट्या गावाचीही, स्वतंत्र वही. आणि तिच्यात जमा एका पानावर, नावे दुसऱ्या पानावर. दोन्हींची वजाबाकी होतच नाही! एखाद्या गावाला तुम्ही दरोडेखोरांपासून वाचवलंत आणि मग तिथल्या चौघांना मारलंत, तर उपकार पुसले जात नाहीत आणि खूनही. दोन्ही पानं भरत जातात नि तुमच्याशी कसं वागावं हे गावाला कळेनासं होतं. पुण्याच्या शिलकीवर पाप खपवण्याची सोयच नाही.

शिवाय सगळ्या वह्यांच्या वर बसलेला कुणी लेखापाल नाही. एनसीआरच्या वहीतली तुमची कामगिरी सीझरच्या वहीत गुन्हा म्हणून चढते. एखाद्या गटाचा गणवेश चढवलात तर पहारेकरी तुम्हाला त्याच गटाचे समजतात.

एवढ्या काटेकोर हिशेबाला एकच मोठी फट आहे. तुम्ही वेगसपर्यंत पोहोचून खेळातलं वजनदार प्यादं झालात, की सीझरचा माणूस समोर येतो आणि त्याच्या सैनिकांना मारल्याबद्दल तुम्हाला माफी देऊन टाकतो. आधी एनसीआरशी वैर घेतलं असेल तर त्यांचाही दूत येतो, तशीच माफी घेऊन. नावेचं पान कोरं! पश्चात्ताप कुणी मागितलेला नसतो. धरणावरची लढाई जवळ आलेली असते आणि दोघांनाही माणूस हवा असतो.