खामकाठचा कचरा आणि दूरचा समुद्र : आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मप्रांताला समुद्रकिनारा नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड वा लातूर येथील अनेक मुलांनी समुद्र केवळ पुस्तकातील चित्रात किंवा दूरदर्शनवर पाहिलेला असतो. त्यामुळे समुद्रात साचत चाललेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी काही वाचनात आले, की हा मुंबईच्या, वसईच्या किंवा गोव्याच्या लोकांचा प्रश्न आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समुद्रात सापडणारा बहुतांश कचरा समुद्रावर निर्माण होत नाही. तो जमिनीवर, घराघरांत, बाजारपेठांत आणि रस्त्यांवर निर्माण होतो आणि गटारे, नाले व नद्या यांच्या वाटेने समुद्रापर्यंत पोहोचतो.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार जगातील नद्या दरवर्षी सुमारे ८ ते २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात वाहून नेतात. त्यातील ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून अधिक नद्यांतून येते. मोजक्या महानद्याच या प्रदूषणास कारणीभूत आहेत, असा पूर्वीचा समज होता. शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा किती मोठा आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले. आपल्या शहरातूनही अशी एक लहान नदी वाहते. तिचे नाव खाम.

खाम ते बंगालचा उपसागर

जटवाड्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी खाम नदी हर्सूल तलावातून पुढे शहरात येते. १६१० साली मलिक अंबरने वसविलेले खडकी हे नगर, म्हणजेच आजचे आपले शहर, याच नदीच्या आधाराने वाढले. पाणचक्की आणि मेहमूद दरवाजा आजही तिच्या काठी उभे आहेत. शहर ओलांडून ही नदी दक्षिणेकडे गोदावरीच्या खोऱ्यात, पैठणच्या नाथसागराकडे जाते. तेथून गोदावरी नांदेडवरून तेलंगणात व पुढे आंध्र प्रदेशात प्रवेश करते आणि राजमहेंद्रीच्या पुढे अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास मिळते. त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत गोदावरीची लांबी सुमारे १,४६५ किलोमीटर आहे. तिच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे अरण्य असून जवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या गल्लीत पडलेली प्रत्येक पिशवी समुद्रात जाते, असे नाही. नदीचा प्रवास जितका लांब आणि वाटेतील धरणे जितकी अधिक, तितके प्लास्टिक वाटेतच अडकून राहते. काही काठावरच्या बाभळींना लोंबकळते, काही शेतात पसरते, काही तळाच्या गाळात रुतते. परंतु अडकलेले प्लास्टिक नाहीसे होत नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हात ते ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे पडत जातात. पाच मिलिमीटरहून लहान झालेल्या तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. हे तुकडे पाण्याबरोबर कोणत्याही दरवाजातून पुढे सरकतात आणि पूर येऊन धरणाचे दरवाजे उघडले, की त्यांचा प्रवास वेगाने सुरू होतो.

आणि वाटेत अडकलेला कचरा कोठे थांबतो? १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या ज्या नाथसागरातून आपल्या शहराची तहान भागते, त्याच्याच पाणलोटात. मानवी रक्तात सूक्ष्म प्लास्टिकचे कण आढळल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२२ साली जगासमोर मांडले. तेव्हा समुद्र वाचविण्यासाठी आपण जे करू, ते दूरच्या कोणावर केलेले उपकार नाहीत. समुद्राच्या वाटेवर पहिला थांबा आपल्याच पाण्याच्या हंड्याचा आहे.

इतरांच्या दारात टाकलेला भार

कचरा ‘फेकून दिला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणाच्या तरी दारात जाऊन पडलेला असतो. हे आपल्या शहराने २०१८ साली अनुभवले आहे. अनेक वर्षे शहराचा सारा कचरा नारेगाव येथे टाकला जात होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तेथील परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याची वाहने अडविली. त्यानंतर कित्येक आठवडे शहरातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचून राहिले. मार्च महिन्यात मिटमिटा येथे कचरा नेण्यावरून ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल व कांचनवाडी येथे कचरा प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली. परंतु त्या दिवसांचा धडा विसरता कामा नये. नारेगावच्या रहिवाशांनी जो दुर्गंध आणि धूर सोसला, तो त्यांनी निर्माण केलेल्या कचऱ्याचा नव्हता. समुद्रकाठच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक येते, तेव्हा त्यांच्यावरही असाच अन्याय होत असतो.

मुंबईतील वर्सोवा किनाऱ्याचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. २०१५ सालच्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह या तरुण वकिलांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यांच्या साथीने तेथील कचरा उचलण्यास आरंभ केला. पाहता पाहता शेकडो नागरिक त्यात सामील झाले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने श्री. शाह यांचा गौरव केला आणि २०१८ सालच्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर अनेक वर्षांनंतर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. तथापि, स्वच्छ केलेल्या किनाऱ्यावर भरतीबरोबर नवा कचरा येतच राहिला. म्हणून या स्वयंसेवकांनी पुढे मिठी नदीकडेही आपला मोर्चा वळविला. किनाऱ्यावर उचललेल्या कचऱ्यापेक्षा नाल्यात जाण्याआधी थांबविलेला कचरा अधिक मोलाचा, हाच त्याचा अर्थ होय.

आपल्याकडेही महानगरपालिका, छावणी परिषद, व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी खाम नदीच्या पुनरुज्जीवनाची मोहीम हाती घेतली आणि नागरिकांनी तिला साथ दिली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठी असलेल्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीत या मोहिमेची निवड झाली, ही आपणा सर्वांना अभिमानाची बाब आहे. परंतु नदी एकदा स्वच्छ करून भागत नाही. घराघरातून येणारा ओघ थांबला नाही, तर सारे श्रम वाहून जातात.

श्रद्धेची हाक

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर मानले आहे. प्लास्टिकचा वापर टाळणे, कचऱ्याचे वर्गीकरण करणे, पाणी जपून वापरणे, खाता येईल तेवढेच शिजविणे, अशा साध्या घरगुती कृतींचा त्यांनी तेथे आवर्जून उल्लेख केला आहे. अशा लहान कृतींनी जग बदलणार नाही असे मानू नये, अशी त्यांची शिकवण आहे. त्याच वर्षी त्यांनी १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनादिन म्हणून ठरविला. २०१८ सालच्या या दिवसाच्या संदेशाचा विषय पाणी हा होता आणि त्यात त्यांनी समुद्रावर तरंगणाऱ्या प्लास्टिकविषयी चिंता व्यक्त केली होती.

शुभवर्तमानातही याचा धडा आहे. गालील समुद्राच्या परिसरात पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या शब्दाने भाकरी वाढल्या, त्याला तुकड्यांची काय वाण होती? तरीही त्याने काही वाया जाऊ दिले नाही आणि ते कुरणही कचऱ्याने भरलेले सोडले नाही. जेवण झाल्यावर मागे वळून पाहणे, हाही आपल्या शिष्यत्वाचाच भाग आहे.

घरात आणि गल्लीत

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते पाहू. यातील कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही.

१. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य ठरविले. भाजीच्या देठांत आणि उरलेल्या आमटीत माखलेले प्लास्टिक कोणी विकत घेत नाही. तेच कोरडे व स्वच्छ असेल, तर भंगारवाला आनंदाने नेतो. घरात वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून निराळे द्यावेत. घंटागाडीवर काम करणारे आणि कचरा वेचणारे बांधव आपल्यापैकीच आहेत. त्यांना कुजलेल्या पिशवीत हात घालावा लागू नये, ही शेजारधर्माची किमान अपेक्षा आहे.

२. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. तो बोटभर तुकडा केरात जातो, गटारात पडतो आणि कोणाच्याही हाती लागत नाही. कोपरा पिशवीलाच जोडलेला ठेवावा, पिशवी धुऊन वाळवावी आणि रद्दीबरोबर द्यावी.

३. बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी. महाराष्ट्रात २०१८ सालच्या मार्चपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्यात आली. देशभरातही १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या आणि सजावटीचे थर्माकोल अशा अनेक वस्तूंवर बंदी आली. तरीही हातगाडीवर पातळ पिशवी मिळते, कारण आपण ती मागतो. जुन्या साडीच्या दोन पिशव्या शिवून एक सायकलीला किंवा स्कूटरला कायम अडकवून ठेवावी.

४. छोट्या पुड्या टाळाव्यात. शाम्पू, वेफर, सुपारी यांच्या चकचकीत पुड्या अनेक थरांच्या असल्यामुळे भंगारात घेतल्या जात नाहीत. त्या वाऱ्याने उडतात आणि नाल्यात जातात. शक्य असेल तेथे मोठी बाटली वा डबा घ्यावा. रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्या कुटुंबांना हे नेहमी जमत नाही. त्यांना दोष न देता, रिकामी पुडी निदान खिशात ठेवून घरच्या कचऱ्यात टाकण्याची सवय सर्वांनीच लावून घ्यावी. सिगारेटच्या थोटकांविषयीही हेच सांगता येईल, कारण त्यांतील फिल्टर कापसाचा दिसला तरी तो प्लास्टिकसारख्या कृत्रिम धाग्याचा असतो.

५. कचरा जाळू नये. प्लास्टिक जाळल्याने ते नाहीसे झालेले दिसते, परंतु त्याचा विषारी धूर लेकरांच्या छातीत जातो आणि उरलेली राख पावसाबरोबर वाहून जाते.

६. मृगाच्या पावसाआधी आपल्या दारासमोरील गटार पाहावे. आठ-नऊ महिने नाल्यात साचलेला कचरा पहिल्या दमदार सरींबरोबर एकदम नदीत जातो. म्हणून मे महिन्यातील एका रविवारी गल्लीने मिळून केलेली सफाई वर्षातील इतर सफायांपेक्षा अधिक उपयोगी पडते. मात्र काढलेला गाळ व कचरा गटाराच्या काठावर न ठेवता लगेच हलवावा.

धर्मग्रामात

धर्मग्रामाच्या सणांत एका दिवसात एखाद्या गल्लीच्या आठवड्याइतका कचरा होऊ शकतो. यासाठी प्रत्येक धर्मग्रामाने स्टीलची ताटे व पेले यांचा एक संच ठेवावा आणि लग्न, बाप्तिस्मा वा पहिला ख्रिस्तप्रसाद अशा प्रसंगी तो कुटुंबांना वापरण्यास द्यावा, असे आम्ही सुचवितो. पाण्याच्या लहान बाटल्यांऐवजी माठ किंवा जार आणि पेले ठेवावेत. ताटे धुण्याचे काम केवळ भगिनींवर न टाकता युवकांनीही पाळीपाळीने करावे. नाताळचा गोठा थर्माकोलऐवजी कडबा, माती आणि बांबूने उभारावा. बाळ येशू जन्मला तो गोठा तरी कशाचा होता? २ नोव्हेंबर रोजी कबरींवर फुले वाहताना प्लास्टिकचे वेष्टन काढून घरी न्यावे. प्रायश्चित्तकाळात मांसाहार वर्ज्य करणाऱ्या कुटुंबाने एखादी प्लास्टिकची वस्तूही चाळीस दिवस वर्ज्य करून पाहावी. चाळीस दिवसांनंतर तिची गरज भासत नाही असे आढळले, तर ती कायमची सोडावी.

धर्मगुरू, धर्मभगिनी, शिक्षक आणि युवकांनी एकत्र येऊन १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणापर्यंतच्या सृष्टीपर्वात यातील निदान एक गोष्ट आपल्या धर्मग्रामात सुरू करावी. मुलांना एकदा खामच्या पुलावर नेऊन नदीत काय वाहत आहे ते दाखवावे आणि ते पुढे कोठे जाणार हे नकाशावर बोटाने गिरवून घ्यावे.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, पण त्याच्याकडे जाणारी वाट आपल्या उंबरठ्यावरून निघते. ज्या परमेश्वराने जळे एकत्र करून त्यांना समुद्र असे नाव दिले, त्याने आपल्या हाती सोपविलेली ही वाट आपण स्वच्छ राखू या. त्यासाठी लागणारी सद्बुद्धी आणि चिकाटी तो आपणा सर्वांस देवो, हीच प्रार्थना.